सहाचा खटका

माझ्या घरातलं वायरिंग जुनं झालंय असं कुणी म्हटलं ना, तर मी आजसुद्धा त्याच्या अंगावर धावून जाईन. सत्तरी आली, हात कापतो, चष्मा शोधायला दुसरा चष्मा लागतो, पण धावून जाईन. आणि तरी हे वाक्य आजवर एकाच माणसानं उच्चारलंय. मीच. माझ्याच पोरीला.

खोटं होतं ते. सपशेल खोटं. या घराच्या भिंती मी स्वतः फोडल्यात, पाइप स्वतः टाकलेत, तांब्याची वायर स्वतः ओढलीय. पोरीच्या खोलीत तर मुद्दाम जाड वायर टाकली, कारण तिच्या आईला पुढेमागे तिथे एसी बसवायचा होता. एसी काही आला नाही. तिची आई गेली आणि वायर भिंतीत राहिली. त्या वायरवर अख्खी पिठाची गिरणी चालली असती, सांगतो तुम्हाला.

माझी एक सवय आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी बसवलेल्या प्रत्येक वस्तूवर तारीख टाकतो. पंखा असो, होल्डर असो, नाहीतर बोर्डातला एमसीबी. एमसीबी म्हणजे तो छोटा खटका हो, जास्त वीज ओढली की आपोआप खाली पडतो तो. बोर्डात हे खटके एकमेकांना चिकटून बसतात. त्यांच्या त्या चिकटणाऱ्या बाजूवर मी काळ्या मार्करनं तारीख लिहितो आणि खाली एक बाण काढतो, ती माझी खूण. बाहेरून काही दिसत नाही, खटका उपसून काढला तरच दिसतं. आणि नियम असा की जो उपसून काढेल त्यानं माझ्या खाली आपली तारीख टाकायची. बरोबरचे वायरमन हसायचे. म्हणायचे, "काय रे, खटक्यांचे वाढदिवस करणारेस का?" हसू देत. माझं काम चाळीस वर्षांत एकदाही जळालं नाही, त्यांचं विचारू नका.

पोरीनं मात्र हा नियम लहानपणीच उचलला. आठ वर्षांची होती तेव्हापासून सुट्टीत माझ्याबरोबर कामावर यायची. शिडीखाली टेस्टर धरून उभी राहायची आणि डोकं खायची. "बाबा, यात वीज आहे का? आणि यात? आणि या काळ्या वायरीत का नाही?" मी तिला टेस्टरच म्हणायला लागलो आणि तेच नाव पडलं. तिची खूण म्हणजे एक गोल आणि गोलात टिंब, टेस्टरचा दिवा पेटल्यावर दिसतो तसा.

आता नऊ वर्षांपूर्वीचं सांगतो. टेस्टर तेव्हा सत्तावीस वर्षांची. कार्टून काढायची. म्हणजे मी कार्टून म्हणायचो आणि ती "ॲनिमेशन, बाबा, ॲनिमेशन" म्हणून दात-ओठ खायची. दूरच्या एका देशात एक शाळा होती, वर्षाला जगभरातून सहा जणांना घेणारी. आठ मिनिटांची फिल्म पाठवायची, ठरलेल्या तारखेच्या आत आणि पूर्ण. आवडली तर तीन वर्षं तिकडेच राहायचं, शिकायचं आणि पुढे बहुधा तिकडेच काम करायचं. पोरीनं दोन वर्षं खपून सगळं तयार केलं होतं. उरलं होतं एकच काम, कॉम्प्युटरनं एकेक चित्र पक्कं रंगवून बाहेर काढायचं. पाच हजार सातशे साठ चित्रं. एका चित्राला एक कॉम्प्युटर दोन तास घेणार. तिनं मला कागदावर मांडून दाखवलं. एका कॉम्प्युटरला सोळा महिने, अकरा कॉम्प्युटरांना चव्वेचाळीस दिवस. हातात होते पन्नास.

अकरा कॉम्प्युटर भंगारशेठनं दिले. हा माझा जुना दोस्त, बंद पडलेल्या ऑफिसांचं सामान उचलतो. "पोरीचं काम झालं की परत आणून टाक," म्हणाला, बस्स. तिच्या खोलीत लोखंडी रॅक लावले, अकरा डबे ओळीनं मांडले, वायरी मी स्वतः बांधून दिल्या. खोली अशी तापायची की पोरीनं आपली गादी बाहेरच्या खोलीत आणली. मी बोर्डापाशी खुर्ची टाकून बसायचो. पहिले सात दिवस अकराच्या अकरा कॉम्प्युटर माझ्या वायरिंगवर चालले आणि सोळा अँपिअरचा खटका हूं की चूं करेना. मी दिसेल त्याला सांगत सुटलो, माझ्या घरात अकरा कॉम्प्युटर चालतात म्हणून. अभिमानानं नुसता फुगलो होतो.

आठव्या दिवशी तिनं मला बोलावलं. "बाबा, या, थोडं तयार झालंय ते बघा." चाळीस सेकंदांचा तुकडा होता. एक बाई जिना चढते, हातात धुतलेल्या कपड्यांची बादली. दर तिसऱ्या पायरीला थांबते, बादली खाली ठेवते, कमरेवर हात ठेवते, वर बघते आणि मनाशीच काहीतरी पुटपुटते.

तिची आई होती ती. चेहरा तसा नव्हता, पण चाल तीच, हात तसाच, आणि ते पुटपुटणं तर मी वीस वर्षं ऐकलेलं. बारा वर्षांनी माझी बायको माझ्यासमोर जिना चढत होती. मी रडलो, लपवत नाही. पोरीनं माझा हात धरला आणि हसून म्हणाली, "ही गच्चीवर पोचली की फिल्म संपली, बाबा. मग मी बॅग भरायला घेते."

इतकं साधं बोलली हो. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. ही बाई वर पोचली की माझी पोर जाणार.

त्या संध्याकाळी माझी थोरली बहीण आली होती. ती शहाणी, आणि स्पष्ट बोलते म्हणून मला तिचा राग येतो. चहा पिता पिता मी म्हटलं, "ताई, ही गेली की मी या घरात बोलायचं कुणाशी? पंख्याशी?" ताई म्हणाली, "पंख्याशी बोल नाहीतर भिंतीशी बोल, पण पोरीला अडवू नकोस." मी भडकलोच. "कोण अडवतंय? मी अडवतोय? अकरा कॉम्प्युटर मीच जोडून दिलेत ना?" टेस्टर आत भांडी लावत होती. तिनं सगळं ऐकलं असणार. घर एवढंसं.

दुसऱ्या दिवशी ती केबल आणायला बाहेर गेली. मी मेन बंद केला, बोर्ड उघडला, तिच्या खोलीचा सोळाचा खटका काढला आणि सहाचा बसवला.

हे मी कसं केलं ते मला विचारू नका. हात करत होते, मी बघत होतो. सहाच्या खटक्यावर सात कॉम्प्युटर चालतात. अकरा लावले की तो लगेच पडत नाही, हीच तर त्यातली बदमाशी. अर्धा-पाऊण तास गप्प बसतो, तापतो आणि मग खट्. खटक्याच्या तोंडावर त्याचा आकडा छापलेला असतो, तो दिसू नये म्हणून मी त्यावर 'टेस्टर' लिहिलेली खोलीच्या नावाची चिकटपट्टी लावली. बाकीच्या पट्ट्या आकड्याच्या खाली, ही तेवढी बोटभर वर. आणि कमाल सांगू? बसवण्याआधी माझा हात आपोआप मार्करकडे गेला. मी तारीख टाकली, बाणसुद्धा काढला. चोरी करून खाली सही ठोकणारा चोर जगात मी एकटाच असेन.

पोर परत आली, अकरा कॉम्प्युटर चालू केले. पाऊण तासानं खट्. परत चालू केले, परत खट्. प्रत्येक वेळी अकरा चित्रं अर्धवट रंगलेली वाया. ती घामाघूम होऊन बाहेर आली. "बाबा, काय झालं हो? इतके दिवस तर चाललं!"

"वायरिंग जुनं झालंय गं," मी म्हटलं. "सात दिवस सारखा लोड, वायर तापली. आता सातच्या वर लावू नकोस, आग लागेल."

तिनं एका शब्दानं शंका घेतली नाही. विजेच्या बाबतीत बाबांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. भंगारशेठनं आपलं गोदाम देऊ केलं तर म्हणाली, "नको काका, बाबा बघतायत ना." सात कॉम्प्युटर लावायची आणि चार नुसते बघत बसायची. घराचा लोड वाढवून घेऊ म्हणाली, तर मी म्हटलं, अर्ज टाकलाय. मग काय, एक थाप निस्तरायला दहा. वीज ऑफिसातले साहेब रजेवर. मग साहेबांची बदली. मग नवे साहेब आजारी. ज्या साहेबाचा अजून जन्मच झाला नव्हता, त्याला मी तापानं फणफणवला.

पाच-सहा दिवस तिची नुसती तडफड चालली. नंतर एकाएकी ती शांत झाली. मला वाटलं, चला, निवळली. फक्त रोज सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवायची आणि विचारायची, "बाबा, आज बोर्ड एकदा उघडून बघता का?"

मी म्हणायचो, "बघितलाय गं."

"परत एकदा बघा."

"चाळीस वर्षं हेच करतोय, टेस्टर. बोर्डात काही नाही."

"बरं," म्हणायची आणि खोलीत जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चहा, कप, "बोर्ड बघता का?" एकदा तर माझा मार्कर आणि स्क्रूड्रायव्हर तिनं कपाशेजारीच आणून ठेवला होता. मी खेकसलो, "माझ्या कामात लुडबुड नको!" तिनं दोन्ही वस्तू उचलून जागेवर ठेवल्या. वाटलं होतं, पोरीचा आपल्यावर केवढा विश्वास. बघा माझी अक्कल.

पन्नासाव्या दिवशी तिनं सातही कॉम्प्युटर बंद केले. आठातली सहा मिनिटं तयार झाली होती. बाई जिन्यातच, गच्चीला अजून बराच अवकाश. अर्धवट फिल्म त्या शाळेत कोण घेणार? पोर बाहेर आली, माझ्यासमोर बसली. रडली नाही. म्हणाली, "बाबा, आता बोर्ड नाही बघितलात तरी चालेल."

आणि मला आनंद झाला. हे लिहून ठेवा कुठेतरी. माझ्या पोरीची दोन वर्षं पाण्यात गेली आणि मला इतकं हलकं वाटलं की मी बाजारात जाऊन तिच्या खोलीसाठी नवा पंखा आणला. बसवला, त्यावर तारीख टाकली, आणि शीळ वाजवत हात धुतले.

कॉम्प्युटर भंगारशेठकडे परत गेले. टेस्टर एका छापखान्यात लागली. दुकानांच्या पाट्या, व्हिजिटिंग कार्डं, कुणाच्या औषधाच्या डब्यावरचं फूल. चित्रं म्हणाल तर तेवढीच. पुढच्या वर्षी शाळेला पुन्हा पाठव ना, असं ताई म्हणाली, तर ती म्हणाली, "आता नाही वाटत, आत्या." माझं सगळं केलं तिनं. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन करवून घेतलं, माझा गुडघा सांभाळला, रोज दुपारी फोन करून जेवलात का विचारलं. आवाज चढवून कधी बोलली नाही. फक्त त्या दिवसानंतर तिनं मला विजेचं काहीही विचारलं नाही. बल्ब गेला तर स्वतः आणून लावायची. इस्त्री बिघडली तर दुकानात द्यायची, घरात वायरमन बाप बसलेला असताना. मला वाटायचं, मोठी झाली.

सोळाचा परत बसवावा, असं महिन्यातून एकदा तरी मनात यायचं. पण बोर्ड उघडला की ती तारीख दिसणार, ती मी लिहिलेली. हिंमत झाली नाही. शेवटी मी माझी खुर्चीच फिरवून बोर्डाकडे पाठ करून टाकली.

गेल्या आठवड्यात छापखान्याच्या मालकानं जागा सोडली. पोरीला म्हणाला, कॉम्प्युटर घरी ने, घरून काम कर. हे ऐकलं आणि माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. पुन्हा त्याच खोलीत कॉम्प्युटर येणार. खटका पडला तर ती बोर्ड उघडणार. नऊ वर्षांपूर्वी पचलेलं आता उघडं पडणार.

म्हणून ती टेम्पो घेऊन सामान आणायला गेली तशी मी खुर्चीवर चढलो. सत्तरीचा माणूस, एका हातानं भिंत धरलेली. मेन बंद केला. झाकण काढलं. सहाचा खटका ओढला, तो बाहेर आला. फेकून देणार होतो, पण सवय. कूस वर केली आणि चष्मा पुसून बघितलं.

वर माझी तारीख, आणि बाण.

त्याच्या खाली दुसरी तारीख. माझ्यानंतर पाचच दिवसांची. खाली एक गोल आणि गोलात टिंब.

मी कसाबसा खाली उतरून बसलो. पाचव्याच दिवशी तिनं खटका उपसला होता. सहाचा आहे हे बघितलं, माझी तारीख वाचली, नियमाप्रमाणे खाली आपली टाकली आणि तोच खटका परत जागेवर बसवला. पट्टीसुद्धा होती तशीच ठेवली. मी कागद घेतला आणि हिशेब केला. त्या दिवशी सोळाचा बसवला असता तर उरलेली चित्रं तेहतीस दिवसांत झाली असती. हातात सदतीस होते.

टेम्पो आला. टेस्टर दारातून आत आली, काखेत कीबोर्ड. तिनं उघडा बोर्ड बघितला, माझ्या हातातला खटका बघितला. कीबोर्ड टेबलावर ठेवला आणि आधी मला पाणी दिलं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"पट्टी वर लागली होती, बाबा. तुमची पट्टी कधी वरखाली नसते."

"मग बदलायचास की गं! तुला येत होतं. दहा मिनिटांचं काम. मला चार शिव्या घालायच्यास, भांडायचंस, आणि जायचंस निघून!"

"येत होतं," ती म्हणाली. "पण मला तुमच्याशी भांडून जायचं नव्हतं. वाटलं, बाबांना भीती वाटली असेल, घाईत केलं असेल. एकदा उघडून बघतील, माझी तारीख बघतील, आणि गुपचूप सोळाचा लावून टाकतील. मी विषयसुद्धा काढणार नव्हते. म्हणून रोज विचारत होते."

रोज सकाळी. सदतीस कप चहा.

"मी वाट बघत होते, बाबा," ती म्हणाली, आणि आता पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला. "शेवटच्या दिवशी सकाळपर्यंत."

माफ कर म्हटलं. दोनदा म्हटलं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, मी तिचा बाप असून. मग तिनं तीन कॉम्प्युटर एकेक करून आत नेले. मी पुन्हा खुर्चीवर चढलो, तिनं खुर्ची धरली. नव्या सोळाच्या खटक्यावर मी तारीख लिहिली, वेडीवाकडी आली, बाण तर गांडुळासारखा. मार्कर तिच्यापुढे केला. "तूही टाक."

"मी कुठे उघडलाय?" ती म्हणाली.

खटका बसवला, मेन चालू केला. आत तिन्ही कॉम्प्युटर सुरू झाल्याचा आवाज आला. मी तिथेच, बोर्डाकडे तोंड करून उभा राहिलो, कान लावून. पाऊण तास झाला, तास झाला. काही पडलं नाही. ती खोलीतून बाहेर आली, मला अजून तिथेच बघितलं.

"बसा आता, बाबा," ती म्हणाली. "तीनच आहेत. सहाचा असता तरी चाललं असतं."